परतीचं वजन : गरवायला जाणाऱ्याने सॅक कशी निवडावी

गोव्यातल्या केरीहून म्हापशाला जाणारी संध्याकाळची बस. माझ्या मांडीवर कॉलेजच्या काळातली जुनी सॅक, आणि तिच्यात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला साडेपाच किलोचा चणक. सॅकची चेन लागत नव्हती, म्हणून शेपूट बाहेर. हरमल येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग शेजारच्या काकींनी पायाखाली पाहिलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाब, तुज्या बॅगेंतल्यान उदक गळटा रे!" नुसतं उदक असतं तरी चाललं असतं. बर्फाचं पाणी, रक्त आणि माशाची बुळबुळ असं काहीतरी गुलाबी सीटखालून वाहत काकींच्या पिशवीपर्यंत पोचलं होतं, आणि त्या पिशवीत देवळातला प्रसाद होता. पुढचा प्रवास मी दारात उभं राहून केला. घरी पोचलो तेव्हा चणकाच्या पोटाकडची बाजू मऊ पडली होती. ती सॅक पुढे तीनदा धुतली, तरी मांजरांनी तिला सोडलं नाही.

चूक सॅकची नव्हती. मी ती जातानाच्या सामानावर बेतून घेतली होती. जाताना काय असतं? रीळ, गऱ्या, शिसं, डबा, पाण्याची बाटली. तीन-चार किलोंची ही गंमत कुठल्याही पिशवीत मावते. येताना मात्र त्याच पाठीवर मासे असतात, बर्फ असतो, ओले कपडे असतात, आणि चढ असतो. गरवणाऱ्याने, म्हणजे गरीने मासे धरणाऱ्याने, सॅक घ्यायची ती येतानाची घ्यायची. हा लेख मुख्यतः नदीमुखांवर आणि खडकांवर पायी जाणाऱ्यांसाठी आहे. दुचाकीच्या मागे थर्माकोलचा खोका बांधून थेट वाळूपर्यंत जाणाऱ्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

शिकाऱ्यांकडून काय उचलायचं

जड, ओलं आणि नासणारं ओझं पाठीवरून कसं आणायचं, यावर सगळ्यात जास्त डोकं चालवलंय ते अमेरिका-कॅनडातल्या शिकाऱ्यांनी. तिकडे एल्क नावाचं, आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण परवाना काढून कायदेशीरपणे मारता येतं. नर एल्क पडला की हाडं काढूनसुद्धा ऐंशी-शंभर किलो मांस उरतं आणि गाडी असते डोंगराच्या पलीकडे. मागची एक तंगडी हाडासकट पंचवीस किलोंच्या आसपास भरते. ती घेऊन उतरायचं, रिकाम्या सॅकने पुन्हा चढायचं, दुसरी आणायची. या हमालीतून तिकडे एक वेगळीच सॅक घडली. मोंटानात सुरू झालेल्या मिस्टरी रँच आणि स्टोन ग्लेशियर, किंवा किफारू (स्वाहिलीत याचा अर्थ गेंडा, आणि नाव अगदी शोभतं) या कंपन्यांच्या सॅक त्या जातीच्या. किंमत पाचशे-सातशे डॉलरच्या घरात, वर मागवायचा खर्च आणि कस्टम वेगळं. मी घेतलेली नाही. पण त्या कशा बांधल्यात ते नीट बघितलं की आपल्या कामाच्या तीन-चार गोष्टी फुकट मिळतात.

शिकारीची बात आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली आहे. रानडुक्कर असो, सांबर असो, की पहिल्या पावसात शेतात डराव-डराव करणारा बेडूक असो, त्याचं मांस वाहायला कुठली सॅक बरी असं कुणी विचारलं तर उत्तर एकच : कुठलीच नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले अशा अभयारण्यांच्या हद्दीतल्या ओहोळांत परवानगीशिवाय गरी टाकणंही त्यातच आलं. आपण बोलतोय ते तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुवारी, साळ, तळपण यांच्या मुखांबद्दल आणि उघड्या किनाऱ्याबद्दल.

पहिलं काम : तराजू काढा

दुकानात गेलं की "किती लिटरची हवी?" असं विचारतात. किती किलोंची, हे कुणी विचारत नाही. तुम्ही ते घरूनच ठरवून जा.

माझ्या एका बऱ्या दिवसाचा हिशोब असा. मासे पाच किलो. बर्फ चार किलो. चारच का, ते पुढे सांगतो. रॉड, रीळ, शिसं आणि डबा मिळून अडीच किलो. उरलेलं पाणी एक लिटर. रेनकोट, टॉर्च, चाकू, दोरी, कपडे दीड किलो. झाले चौदा. नशीब उघडलं आणि आठ किलोंचा चणक लागला तर सतरा-अठरा. म्हणजे मला हवी ती अठरा किलो घेऊन तासभर चालता येईल अशी सॅक. पस्तीस ते पंचेचाळीस लिटर पुरे होतात. साठ लिटरची घेतली तर आपण ती भरतोच, आणि मग खडकावर खेकड्यासारखे तिरके चालतो.

लिटरपेक्षा मला लांबी जास्त नडली. सात-आठ किलोंचा चणक साधारण ऐंशी-पंचाऐंशी सेंटिमीटर भरतो. चाळीस लिटरच्या सॅकची आतली उंची पंचावन्न-साठ. मासा मेल्यावर काही वेळाने ताठ होतो, आणि ताठ झालेला मासा वाकवून कोंबला की मांसाचे पदर सुटतात; घरी तुकडे पाडताना ते भुसभुशीत निघतात. तेव्हा तुमच्या जागेवर मोठा मासा लागण्याची शक्यता असेल तर तो सॅकच्या आत जाईल ही आशाच धरू नका. तो बाहेर, पण पाठीला चिकटून कसा बांधायचा, ते बघा. काळुंदर, शेवटे, मुडदुशे अशा लहान माशांमागे जाणाऱ्याला हा प्रश्नच नाही. त्याने तीस लिटरची घ्यावी आणि उरलेल्या पैशांचं चांगलं रीळ घ्यावं.

पाठ मोजा

हे कुणी करत नाही आणि नंतर खांदे चोळत बसतं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक हाड टुचकन वर येतं. तिथून टेप सुरू. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की बोटं पुढे, अंगठे मागे, आणि तळवे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकलेले. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जिथे छेदते, तिथे टेप संपला. पाठीच्या वळणावरून टेप फिरू द्या, ताणू नका. एकट्याला जमत नाही. घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांचं हसणं सहन करा.

माझं माप त्रेचाळीस सेंटिमीटर येतं, माझ्या भावाचं सत्तेचाळीस. उंची आमची सारखीच! म्हणून "साडेपाच फूट उंचीला मीडियम" असलं कोष्टक मानू नका. बाहेरच्या बनावटीच्या कित्येक सॅकची सगळ्यात लहान पाठसुद्धा आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना आणि बुटक्या पुरुषांना मोठी होते. खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात अशी सॅक मिळाली तर तीच घ्या. भाऊ, बहीण, पुतण्या सगळ्यांना चालते. गोव्यात घरातली एखादी वस्तू एकाच माणसाने वापरली असं कधी झालंय का?

कमरपट्टा, आणि दुकानातली तांदळाची परीक्षा

अठरा किलो खांद्यावर घ्यायचे नसतात, कमरेवर घ्यायचे असतात. पट्टा कमरेच्या हाडाच्या माथ्यावर बसला पाहिजे. पोटावर नाही, मांड्यांवर तर नाहीच. तो नुसता पातळ फितीचा असेल तर ती सॅक ऑफिसला न्यायची. पट्ट्याला दोन्ही बाजूंना जाड गादी हवी आणि ती दाबल्यावर मऊ स्पंजासारखी सपाट होता कामा नये.

पण गादी कितीही चांगली असली तरी आत सांगाडा नसेल तर उपयोग नाही. वजन पाठीवरून कमरेपर्यंत पोचवायला मधे काहीतरी कडक लागतं : ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या, किंवा कडेने फिरलेली नळी. सॅक रिकामी असताना वरचं टोक आणि कमरपट्टा धरून एकमेकांकडे दाबा. ती घडी पडून बसली, तर बारा किलोंतही बसणार.

मग परीक्षा. मी दुकानात जाताना उकड्या तांदळाची दहा किलोंची पिशवी आणि पाण्याच्या चार बाटल्या घेऊन जातो. दुकानदार पहिल्यांदा विचित्र नजरेने बघतो, मग स्वतःच मदत करायला येतो. सॅक भरायची, सगळे पट्टे सैल करायचे, अंगावर घ्यायची, आणि पट्टे आवळायचे ते या क्रमाने : आधी कमर, मग खांदे, मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाला जाणारे दोन छोटे पट्टे, शेवटी छातीची फीत. ते छोटे पट्टे खांद्यापासून मागे वर तिरके जायला हवेत, साधारण पंचेचाळीस अंशांत. ते आडवे पडत असतील तर सॅक तुम्हाला लहान आहे. आता खांद्याखाली बोटं घालून बघा. पट्टा खांद्याला टेकलेला हवा, रुतलेला नको. अशी दहा-पंधरा मिनिटं चाला. दुकानातल्या गुळगुळीत लादीवर सगळं छान वाटतं, म्हणून शक्य असेल तर जिना चढा. माझी आत्ताची सॅक परत करायची मुदत होती, तेवढ्यात ती घेऊन मी पणजीतल्या आल्तिन्योच्या पायऱ्या तीनदा चढलो. तिसऱ्या वेळी एका आजोबांनी विचारलं, पोर्तुगालला चाललास काय?

पाठीमागे ताणलेली जाळी असलेल्या सॅकबद्दल एक शब्द. आपल्या दमट हवेत त्या फार मोहात पाडतात. पाठीला वारा लागतो, शर्ट भिजत नाही. सात-आठ किलोंपर्यंत खुशाल घ्या. त्याच्यावर गेलं की जाळीमुळे वजन पाठीपासून जितकं लांब जातं तितकं ते तुम्हाला मागे ओढतं, आणि शेवाळलेल्या खडकावर मागे ओढणारं काहीही नको. मी घाम पत्करला.

मधली खोबण

शिकाऱ्यांच्या सॅकची खरी अक्कल इथे आहे. सांगाडा आणि पिशवी हे दोन वेगळे भाग असतात. मांस मिळालं की पट्टे सैल करून पिशवी सांगाड्यापासून दूर सारायची, मधल्या जागेत मांसाची पिशवी उभी ठेवायची आणि पट्टे पुन्हा आवळायचे. खाली एक मजबूत पट्टी किंवा छोटी फळी असते, त्यावर मांस टेकतं. तिकडे याला लोड शेल्फ म्हणतात. फायदे दोन. सगळ्यात जड वस्तू पाठीला चिकटून राहते. आणि मांस पिशवीच्या आत जातच नाही, त्यामुळे रक्त झोपायच्या पिशवीला लागत नाही.

बसमधल्या काकी आठवा. माझ्या दृष्टीने हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा. मासे स्वतःच्या वेगळ्या, न गळणाऱ्या पिशवीत. ती पिशवी मधल्या खोबणीत. आणि कोरडं सामान बाहेरच्या पिशवीत. पंचाऐंशी सेंटिमीटरचा चणक खोबणीत उभा राहतो, शेपूट डोक्यामागून थोडी वर येते, बस्स. गर्दीच्या बसमध्ये मात्र सॅक पुढे घ्या. शेपूट कुणाच्या तोंडाशी जाईल सांगता येत नाही.

पाचशे डॉलर न घालता हे कसं जमवायचं? ट्रेकिंगच्या कित्येक सॅकला पुढच्या बाजूला ताणता येणारा मोठा खिसा असतो. तो मासे ठेवायला वापरू नका. वजन पाठीपासून सगळ्यात लांब जातं. त्यापेक्षा आत दोन कप्पे असलेली सॅक बघा : पाठीकडच्या उभ्या कप्प्यात, जिथे पाण्याची लवचीक थैली ठेवायची सोय असते, तिथे माशांची चपटी पिशवी बसते का ते दुकानातच घालून पाहा. दुसरा मार्ग नुसत्या सांगाड्याचा. जुन्या फौजी धाटणीचा बाहेरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा मिळाला तर त्याच्यावर आधी माशांची पिशवी आणि तिच्यावर छोटी सॅक, असं दोन पट्ट्यांनी आवळता येतं. मी बाजारातल्या एका चांभाराकडून जुन्या सांगाड्याला खाली दोन इंच रुंद पट्टी आणि बाजूला चार बकलं शिवून घेतली. त्याला सांगताना एकच गोष्ट बजावा : जिथे पट्टा जोडला जातो तिथे चौकोन आणि आत फुली, अशी शिवण, जाड नायलॉनच्या दोऱ्याने. सुती दोरा खाऱ्या पाण्यात वर्षभरात कुजतो. तो सुटतो तेव्हा तुम्ही नेमके पाण्यात उभे असता.

जिथे शिकाऱ्यांचं ऐकायचं नाही

त्यांच्याकडे मांस हवेशीर कापडी पिशव्यांत ठेवतात. रात्री पारा चार-पाच अंशांखाली जातो, मांसाची ऊब बाहेर पडते, वर कोरडी साय धरते आणि ते दिवसेंदिवस टिकतं. प्लास्टिकमध्ये घातलं तर ऊब कोंडून ते सडतं. तिथलं हे अगदी बरोबर आहे. ते वाचून आमच्या एका मित्राने तसल्या महागड्या कापडी पिशव्या मागवल्या आणि त्यात तांबोशी घालून आणली. दुपारचे बत्तीस अंश, वर दमट वारा. मासा घरी आला तेव्हा माश्यांनी आधीच सत्यनारायण घातला होता.

आपल्याकडे हवा नको, थंडी हवी, आणि ती बर्फातूनच येणार. समुद्राचं पाणी अठ्ठावीस-तीस अंश, म्हणजे मासाही तितकाच कोमट. पाच किलो मासा तीस अंशांवरून शून्याकडे आणायला सव्वापाचशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल ओढून घेतो. म्हणजे दीड किलोहून जास्त बर्फ नुसता मासा गार करण्यात जातो. उरलेला, दोन-तीन तास बाहेरून शिरणाऱ्या उन्हाशी झगडायला. म्हणून पाच किलो माशाला चार-पाच किलो बर्फ. एक किलोची पिशवी टाकून "बर्फ आहे की" म्हणणारे लोक मासा गार करत नाहीत, बर्फाला कोमट पाणी करतात.

बांगडा, इसवण, कुपा या जातीत तर हा चवीचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. नंतर कितीही शिजवा, तळा, ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज. लोक म्हणतात ॲलर्जी झाली. अॅलर्जी नसते, दुपार असते.

माझी पद्धत अशी. मासा वर आला की डोक्यात झटकन फटका, कल्ल्यांखालची शीर कापून पाच मिनिटं पाण्याच्या बादलीत रक्त जाऊ द्यायचं. कल्ले आणि आतडी तिथेच काढायची. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत कुटलेला बर्फ आणि थोडं समुद्राचं स्वच्छ पाणी. हा बर्फाचा चिखल माशाला सगळीकडून भिडतो, नुसत्या बर्फापेक्षा पुष्कळ लवकर गार करतो. निदान पाऊण तास असू द्या. आणि निघण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं : पाणी ओतून टाका. दोन लिटर पाणी वर न्यायचं काही कारण नाही, आणि गळायचं ते हेच पाणी असतं. आता माशाच्या दोन्ही बाजूंना गोठवलेल्या एक-एक लिटरच्या बाटल्या. बाटल्या एकट्याने मासा गार करत नाहीत, कारण चार ठिकाणीच टेकतात. पण गार झालेला गारच ठेवायला झकास, आणि वितळल्या तरी थेंब सांडत नाही. घरी जाईपर्यंत प्यायला थंड पाणीही.

याच्याभोवती इन्शुलेशन. घरपोच जेवणाच्या पिशव्यांसारखी, आत चंदेरी आणि मधे फोम असलेली चपटी पिशवी मिळाली तर बघा. फोम निदान एक सेंटिमीटरचा हवा, कारण चंदेरी रंग एकट्याने काही करत नाही. नाहीतर योगाची जुनी चटई कापून शिवा.

कापड, चेन, बकल

डिसेंबरची थंडी आपल्याकडे सॅकला काही करत नाही. तिला मारतात ते मीठ, जांभा दगड आणि पावसाळ्यातलं कपाट.

कापड पाचशे डेनियरच्या (हे धाग्याच्या जाडीचं माप) आसपासचं नायलॉन असलं की पुरे. त्याहून पातळ कापड कालवं चिकटलेल्या खडकाला एकदा घासलं की संपलं. हजार डेनियर घेतलं तर रिकामी सॅकच जड. पाणी अडवायला आतून जो पॉलियुरेथेनचा थर देतात तो दमट उष्णतेत हळूहळू फुटतो. कपाटात ठेवलेली सॅक दोन पावसाळ्यांनी काढली आणि आतून चिकट, पापुद्रे सुटलेले, आंबूस वास, असं झालंय ना? तो हाच थर. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर आतून नखाने खरवडून बघा. म्हणून मी सॅकच्या पाणीरोधकपणावर पैसे घालतच नाही. आत गुंडाळून बंद होणारी, शिवण नसलेली ड्रायबॅग घालतो. ती ताडपत्रीसारख्या जाड मालाची असते आणि मीठ-पाणी झेलते. वरून घालायचं रेनकव्हर? पाठीकडून पाणी आत येतंच, आणि खडकावरच्या वाऱ्यात ते पतंग होतं.

चेन कमीत कमी असलेली सॅक घ्या. असेल तर दात प्लास्टिकचे आणि जाड हवेत. तरी ओढायचा भाग धातूचाच असतो आणि मिठाने तोच आधी अडकतो. मेणबत्ती घासत राहा. सांगाड्याच्या स्क्रूंना घरातलं चुंबक लावून बघा. जोरात चिकटला तर साधं लोखंड, पावसाळ्यानंतर गंजलेला मिळेल. कमरपट्ट्याचं बकल तुटलं तर अठरा किलो खांद्यावर येतात, म्हणून त्याच मापाचं एक जादा बकल वरच्या खिशात. वीस-तीस रुपयांची वस्तू.

रंग मी भगवा घेतला. पानापानांच्या छापाच्या लष्करी सॅक मस्त दिसतात, पण माशांना आपली पाठ दिसत नाही आणि पाण्यात पडलो तर लोकांना दिसायला हवी. अमेरिकेतले शिकारीसुद्धा एकमेकांच्या गोळ्या लागू नयेत म्हणून कित्येक राज्यांत भडक नारिंगी घालून फिरतात.

भरायचं कसं, उतरायचं कसं

जड माल पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीपासून खाली. तळाला कपडे. चाकू म्यानात आणि म्यान आत. बाहेर लटकवलेला चाकू घेऊन बसमध्ये चढू नका, कारणं सांगत बसावं लागतं. रॉड बाजूला उभा, वरच्या टोकाला पट्टा दोन वेढे. तीन-चार तुकड्यांत सुटणारा रॉड असेल तर अर्धा प्रश्न सुटतो.

काब द राम किंवा हणजुणेसारख्या ठिकाणी खडक उतरून जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती झपाट्याने चढते. जाताना कोरडी असलेली वाट येताना पाण्याखाली असते, आणि तेव्हा पाठीवर पूर्ण वजन असतं. ओल्या खडकावरून किंवा गुडघाभर पाण्यातून जाताना कमरपट्टा आणि छातीची फीत सोडा, खांद्यावरच सॅक घ्या, भले दुखू दे. पडलात तर ती एका झटक्यात फेकता आली पाहिजे. हवा भरून घट्ट बंद केलेली ड्रायबॅग पाण्यात वर उसळते आणि पाठीला बांधलेली असेल तर माणसाला पालथं पाडू शकते. हे दुकानात एकदा करून बघा : डोळे मिटून एका हाताने कमरेचं बकल सुटतं का? सुटत नसेल तर दुसरी सॅक दाखवायला सांगा. मोठ्या माशासकट सॅक सोडून देणारा मला भेटलाय, न सोडणाऱ्याला शोधायला होड्या गेल्याचंही ऐकलंय. पावसाळ्यात उघड्या खडकांवर तर जायचंच नाही. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात आणि ताज्या माशाला भाव येतो म्हणून मोह होतो, तेवढ्यापुरतं नदीच्या आतल्या बाजूला, बांधावर बसावं.

धुणं

त्याच रात्री. उद्या नाही. माशांची पिशवी आधी थंड पाण्याने. गरम पाणी ओतलं की रक्त कापडातच शिजून बसतं. मग साबण, मग पाण्यात थोडा खायचा सोडा घालून तासभर. सॅकला गोड्या पाण्याची आंघोळ, बकलं पाण्याखाली दोन-चारदा उघडमीट करून, कारण वाळूचा एक कण आत राहिला तरी दात झिजतात. सावलीत, उलटी टांगून. भर उन्हात नको, नायलॉन आणि थर दोन्ही पिकतात.

श्रावण लागला की आमच्या घरी मासे बंद, म्हणजे सॅक गणेशचवथ होईपर्यंत खुंटीवर. कपाटात कोंबू नका, हवेवर राहू द्या, कमरपट्ट्याच्या गादीत वर्तमानपत्राचे बोळे. टांगण्याआधी मी ती रात्रभर पडवीत जमिनीवर ठेवतो. सकाळी मांजर तिच्यावर बसलेली दिसली तर पुन्हा सोडा. नुसतं हुंगून निघून गेली तर टांगली.